डावाच तर आहे

"डावाच आहे ना?" माझ्या दिरांनी डॉक्टरांना विचारलं. "मग जुळू द्या की वाकडातिकडा. जेवायचा हात तर शाबूत आहे."

डॉक्टर शहासने भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीत माझ्या मनगटाचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावून बघत होते. एक आठवड्यापूर्वीचा, एक त्या दिवशीचा. मी समोरच्या खुर्चीत, गळ्यात झोळी आणि झोळीत प्लास्टरचा हात घेऊन बसले होते. हाड माझं, दुखणं माझं, आणि बोलणी चालली होती त्या दोघा पुरुषांची. मला कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं.

"वाकडा म्हणजे किती वाकडा?" मी विचारलं.

दोघांनी वळून पाहिलं. ही कशाला मध्ये तोंड घालते, असं भावजींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"वहिनी, साहेबांना बोलू द्या."

"बोलू द्या की. मी त्यांनाच विचारतेय."

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. फलटणच्या बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान. आम्ही कासार. काचेची बांगडी विकणं हा अर्धाच धंदा, उरलेला अर्धा म्हणजे ती बाईच्या हातात भरणं. दुकानात उंबऱ्याला लागून एक फळी, फळीवर गादी, आणि गादीवर मी. हे गेल्यावरसुद्धा मी गादी सोडली नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हातात पुन्हा हिरव्या बांगड्या चढवल्या आणि दुकान उघडलं. ओक्याबोक्या हातानं बांगड्या कशा विकायच्या? लोकांनी पुष्कळ नाकं मुरडली. पण लग्नसराई आली तशी तीच नाकं मुरडणारी माणसं आपापल्या लेकी घेऊन माझ्याच समोर येऊन बसली. चुडा भरताना पोरीच्या डोळ्यांतून टिपूस येऊ द्यायचा नाही, ही माझी ख्याती होती, आणि ख्यातीपुढे लोकलाजेचं फार चालत नाही.

मुरलीभावजी हे माझे धाकटे दीर. साखर कारखान्यात नोकरीला होते. निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून दुकानात येऊ लागले. आले ते डोक्यात नवीन दुकान घेऊनच. काचेचं काउंटर, गिऱ्हाइकाला स्टुलं, इमिटेशनचे सेट, लाखेची नि मेटलची कडी. आपापली चढवायची आणि आपापली उतरवायची. त्यात कासारणीला जागा नव्हती. मी आहे तोवर गादी हलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते गप्प होते.

आणि मग मी पडले. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा हिरव्या बांगड्यांचा डबा काढत होते, स्टुलाचा पाय कलला. दुसरं कुणी असतं तर डबा सोडून फळी धरली असती. पण कासाराच्या घरात पहिली शिकवण एकच, माणूस पडला तरी चालेल, काच पडता कामा नये. मी डबा उजव्या हातानं छातीशी आवळला आणि सगळं अंग डाव्या हातावर टाकलं. डब्यातली एकही बांगडी तडकली नाही. मनगट मात्र मोडलं, आणि हातातल्या माझ्या स्वतःच्या बांगड्यांचा चुरा झाला.

समोरच्या भांडीवाल्याची बायको धावत आली. मला उठवायच्या आधी तिनं जमिनीवरची हिरवी काच बघितली.

"अगं बाई! बांगड्या फुटल्या की गं!"

"फुटू देत," मी म्हटलं. "बांगडी फुटली की नवऱ्यावर येतं म्हणतात. माझा तर आधीच गेलाय. आता आणखी कोण जाणार?"

संध्याकाळपर्यंत ते बाजारभर झालंच. विधवेनं हिरवा चुडा मिरवला, देवानंच फोडला. भावजींनी ते मला मोठ्या प्रामाणिकपणानं येऊन सांगितलं, म्हणजे लोक काय म्हणतात ते मला माहीत असावं म्हणून.

डॉक्टरांनी त्या दिवशी भूल देऊन हाड ओढून जागेवर बसवलं होतं आणि प्लास्टर घातलं होतं. आठवड्यानं पुन्हा बघू म्हणाले होते. आठवड्यानं बघितलं तर ते घसरलं होतं.

"हे असं का झालं?" मी विचारलं.

डॉक्टरांनी स्वतःचंच मनगट पुढे धरलं. "काकी, इथं हाडाचा नुसता तुकडा पडलेला नाही. मागच्या बाजूला चुरा झालाय. खाली आधारच नाही, म्हणून प्लास्टरमध्ये असूनही ते बसकण मारतंय. पुन्हा ओढून बसवलं तरी पुन्हा घसरेल. आता तुमच्यापुढे दोन-तीन वाटा आहेत."

"एक म्हणजे राहू द्यायचं," भावजी म्हणाले.

"ती एक वाट आहेच," डॉक्टर म्हणाले. "हाड जुळेल, पण आहे तसंच जुळेल. मनगट थोडं आखूड, थोडं मागे कललेलं. सत्तरीच्या बाई असत्या तर मीच म्हटलं असतं, कापाकापी नको. चहाचा कप धरता येतो, वेणी घालता येते, दिवस निघतो."

"बघा!" भावजी माझ्याकडे वळले. "साहेबच म्हणतायत."

"साहेब सत्तरीच्या बाईचं म्हणतायत," मी म्हटलं. "मला अजून पोचायचंय तिथं. पुढचं सांगा, डॉक्टर."

डॉक्टरांना जरा हसू आलं. मग त्यांनी नीट समजावलं. तारा घालायच्या, कातडीतून आत, दोन किंवा तीन. छोटं काम. पण तारांची टोकं बाहेर राहणार, वर प्लास्टर असणारच, आणि इतका चुरा असेल तर तारा असूनही हाड थोडं खाली बसू शकतं. दुसरं म्हणजे बाहेरून सांगाडा लावायचा, हाडात खिळे आणि वर दांडी. तो महिना-दीड महिना हातावर, तेवढ्यात बोटं आखडून बसतात. तिसरं म्हणजे तळव्याच्या बाजूनं कापून आत धातूची पट्टी बसवायची आणि स्क्रू मारायचे. स्क्रू पट्टीतच घट्ट बसतात, त्यामुळे पोकळ हाडालाही खालून आधार मिळतो.

"पट्टीवाल्याचा हात हलणार कधी?"

"दोन आठवड्यांत मनगट हलवायला लावीन. बोटं तर दुसऱ्या दिवसापासून."

"आणि असा?" मी उजवा हात पुढे केला आणि तळवा आभाळाकडे फिरवला. "असा उलटा होईल?"

"तुम्हाला तो कशाला लागतो?" डॉक्टरांनी विचारलं. खरंच विचारलं, थट्टा म्हणून नाही.

"मी कासारीण आहे. बांगडी चढवतो उजवा हात, पण गिऱ्हाइकाचा हात धरतो, दाबतो, अंगठा आत मुडपून घेतो तो डावा. तळवा वर करून समोरच्या बाईचा हात त्यात घ्यायचा आणि पिळायचा. डावा नसेल तर उजव्यानं बांगडी नुसती नाचवायची."

"अहो वहिनी, पण आता भरून घेतंय कोण?" भावजी म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते डॉक्टरांकडे. "साहेब, बायका येतात, डझन उचलतात, घरी साबण लावून घालतात. आणि हिच्या मागं आता कुणी नाही. एक लेक, ती पुण्याला सुखात आहे. कुणासाठी एवढी कापाकापी? भूल देताना काही बरंवाईट झालं तर मी आईला काय तोंड दाखवू?"

मला राग आला. असा आला की दुखणारा हातही क्षणभर दुखेनासा झाला. कुणासाठी, म्हणे! जसं काही माझा हात म्हणजे घरातली सामायिक चीजवस्तू आणि आता ती कुणाच्याच उपयोगाची उरलेली नाही.

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "भावजी, हात माझ्या खांद्याला चिकटलेला आहे, तुमच्या काउंटरला नाही. डॉक्टर, पट्टी घाला."

"मी सही करणार नाही," भावजी म्हणाले.

"तुमची मागितली कुणी?"

भावजींनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करत होते.

"पेशंट शुद्धीवर आहे, शहाणी आहे," ते म्हणाले. "त्यांची सही पुरते. पण काकी, तुम्हालाही एक सांगतो. पट्टी म्हणजे जादू नाही. जखम चिघळू शकते, पट्टी शिरेला घासली तर पुढे काढावी लागते, आणि तुम्ही व्यायाम केला नाहीत तर सरळ हाडाचा ताठ हात घेऊन बसाल. धंद्याला लागेल इतका फिरेल, अशी हमी मी देत नाही."

"हमी आम्हीपण देत नाही," मी म्हटलं. "बांगडी न फुटता चढेल अशी. तरी बाई हात देतेच की."

मी उजव्या हातानं सही केली. भावजी बाहेर गेले.

घरी आमच्या सासूबाई होत्या. चिमाबाई त्यांचं नाव, पण मी आत्या म्हणायची. ऐंशीच्या घरातल्या, काटक, बोलायला मोठ्या महाग. बांगडी भरायला मला त्यांनीच शिकवलं, लग्न होऊन आले त्याच वर्षी, माजघरात बसवून, स्वतःचा हात माझ्या हातात देऊन. तो सुपारीच्या झाडासारखा कठीण हात दाबता आला की जगातला कुठलाही हात दाबता येतो. पण शिकवणं झालं की हातात चढवलेली बांगडी त्या लगेच उतरवून ठेवायच्या. सासरे गेल्यापासून त्यांचे हात रिकामेच होते. दुकानात त्या पाऊल टाकत नसत. का, म्हणून विचारलं की म्हणायच्या, गुडघं दुखत्यात, पायरी चढवत न्हाय. मी आपली ते खरं मानत आले. मी बांगड्या घालून दुकान उघडलं तेव्हाही त्या चांगलं बोलल्या नाहीत की वाईट. मला वाटायचं, मनातून त्यांना पटलेलं नाही.

त्या संध्याकाळी भावजी त्यांच्यापुढे जाऊन बसले.

"आई, तू तरी सांग हिला. ह्या वयात ऑपरेशन! लोक काय म्हणतील, हिला अजून हातात चुडे मिरवायचेत?"

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. दवाखान्यात सांगितल्याप्रमाणे मी उजव्या हातातल्याही बांगड्या उतरवल्या होत्या. त्या रिकाम्या हाताकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"शेवटी काढल्यासच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लसणाकडे वळल्या.

मला तो टोमणाच वाटला. भावजींना तर तो कौलच वाटला, ते समाधानानं उठले. मी जेवले नाही. त्या घरात माझ्या बाजूनं एकही माणूस नाही असं मला त्या दिवशी वाटलं, आणि रडू येण्याऐवजी आणखीच चेव आला.

ऑपरेशनच्या दिवशी मी एकटीच रिक्षानं गेले. लेकीच्या मुलाला कांजिण्या आल्या होत्या, तिला मीच येऊ नको म्हटलं होतं. दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कुणी नाही."

"असं कसं? कुणीतरी बसायला पाहिजे."

"मी हाय," मागून आवाज आला.

सासूबाई. हातात कापडी पिशवी, पायात रबरी चप्पल. पायऱ्या चढून आल्यामुळे धाप लागलेली.

"आजी, तुम्हाला सांभाळायला कोण?" सिस्टर म्हणाली.

"मला काय करायचंय सांभाळून? मी बसणार हाय, पळत न्हाय."

त्या बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. मला वाटलं, सून एकटी गेली असं लोकांनी म्हणू नये म्हणून आल्या असतील.

काखेत इंजेक्शन देऊन हात बधिर केला होता. मी जागीच होते. मध्ये हिरवा पडदा, आणि पडद्यापलीकडे ड्रिल फिरल्याचा आवाज.

"काकी, दुखत नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखत नाही. पण सुताराला जरा हळू म्हणा, घर जुनं आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. मग डॉक्टरांनी मला ओरडा दिला, हलू नका म्हणाले. मी हलले नाही. पण खरं सांगते, आतून घाबरले होते. हात मेल्यासारखा पडला होता, माझा आहे की नाही तेच कळत नव्हतं, आणि मनात एकच, हा असाच राहिला तर? भावजींनी सांगितलं होतं तेच खरं निघालं तर?

दुसऱ्या दिवसापासून बोटं हलवायची होती. बोटं सुजून केळी झालेली. मूठ मिटायला सांगितली की ती अर्ध्यात यायची आणि थांबायची. टाके निघाल्यावर मनगट फिरवायचं सुरू झालं. कोपर अंगाशी धरायचं, तळवा खाली, तळवा वर. खाली बरा जायचा. वर येताना मात्र मध्येच अडकायचा आणि मनगटातून खांद्यापर्यंत कळ जायची. मी शिव्या देत करायची. कुणाला, ते विचारू नका. सासूबाई पलीकडे बसून ऐकायच्या आणि मी थांबले की नुसतं म्हणायच्या, "का थांबलीस?"

थोडं थोडं करत तळवा वर आला. पूर्ण नाही, पण आला. मुठीत लिंबू पिळता येऊ लागलं. आता चार दिवसांनी दुकानात जाऊन बसायचं, असं मी ठरवत होते. त्याच सुमारास एका सकाळी हमाल दारात आला. त्याच्या डोक्यावर माझी गादी होती.

"मुरलीशेठनी पाठवलीय," तो म्हणाला. "कुठं ठेवू?"

पाठोपाठ भावजी आले. आवाजात अगदी मध.

"वहिनी, दुकानात काउंटर बसलं काल. जागाच उरली नाही. म्हटलं गादी उगाच धूळ खाईल. तुम्ही आता आराम करा. पुष्कळ केलंत."

हात मोडल्यापासून मी दुकानात गेले नव्हते. तेवढ्यात यांनी दुकान फिरवलं होतं.  हाडात पट्टी घातली, कळा काढल्या, बोट न् बोट परत मिळवलं, ते कशासाठी? हात जागेवर आला होता आणि जागाच गेली होती.

"ठेवू नको," मी हमालाला म्हटलं. "माझ्या डोक्यावर दे."

"वहिनी!"

"दे म्हणते ना."

हमालानं भावजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गादी माझ्या डोक्यावर ठेवली. उजव्या हातानं ती धरून मी भर बाजारातून निघाले. भांडीवाल्याची बायको दारात आली. मिठाईवाला झारा हातात धरून बघत राहिला. मागे भावजी, "वहिनी, शोभतं का हे," म्हणत. मी मागे वळून बघितलं नाही.

दुकानात खरोखरच काउंटर आडवं घातलेलं होतं. आत काचेखाली पुठ्ठ्यावर टाचलेली कडी. उंबऱ्याजवळची फळी तेवढी राहिली होती, तिच्यावर खोकी रचली होती. मी खोकी पायानं सरकवली, गादी टाकली, हिरव्या बांगड्यांचा डबा मागून घेतला आणि बसले.

"गिऱ्हाइकाची वाट अडवताय तुम्ही," भावजी म्हणाले.

"गिऱ्हाईक माझ्याकडेच येतंय."

आणि एक आलीसुद्धा. नेहमीची, दरवर्षी भरून घेणारी. मला बघून हसली, बसायला खाली वाकली, आणि मग तिची नजर मनगटावरच्या लालसर व्रणावर गेली.

"मालनकाकू, झाला का हात बरा?"

"झाला. बस."

ती बसली नाही. "अजून ताजं दिसतंय हो. तुम्हाला त्रास नको. येते मी पुढच्या महिन्यात." आणि काउंटरवरची दोन कडी घेऊन ती गेली.

भावजी ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. ते शांतपणे म्हणाले, "बघितलंत? मोडलेल्या हातात कोण देणार हात?"

 तोंडानं मी कधी हरले नव्हते, तेव्हा हरले. बाहेर चार माणसं जमली होती, त्यांच्यासमोर गादी गुंडाळून परत जायचं, एवढंच उरलं होतं.

"मी देते."

सासूबाई पायऱ्या चढत होत्या. एका हातानं चौकट धरून, गुडघ्यावर दुसरा हात दाबून. वर आल्या, माझ्यासमोर पाटावर बसल्या आणि पदर मागे सारून डावा हात पुढे केला. कोपरापर्यंत कोरा हात, सुरकुतलेला, गोंदणाचे ठिपके विरलेले.

"आई, तू काय करतीयस?" भावजींचा आवाज चिरकला.

"बांगड्या भरून घेतीया. दुकान बांगड्यांचं न्हवं का?" मग माझ्याकडे बघून, "भर."

"कुठल्या, आत्या?" मी विचारलं.

"हिरव्या. इचारतीस काय?"

मी डबा उघडला. दोन-चारच्या मापाची बांगडी काढली. डावा तळवा वर करून त्यांचा हात त्यात घेतला. तेच जुनं कठीण लाकूड, आता आणखी वाळलेलं. अंगठा आत मुडपला, दाबला, बांगडी बोटांवरून सांध्यापर्यंत नेली. तिथं जोर लावायचा होता. मनगट पिळलं तशी आतून कळ आली, पकड सुटली, आणि बांगडी कट्कन फुटली. त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी रक्ताचा थेंब आला.

बाहेर कुणीतरी चुकचुकलं. भावजी पुढे झाले, "बस झालं, आई. ऊठ."

सासूबाई हलल्या नाहीत. हातही मागे घेतला नाही.

"भरताना फुटली तर नुकसान कासाराचं," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाचं काय जात न्हाय. दुसरी काढ."

मी दुसरी काढली. या वेळी घाई केली नाही. तळवा जिथपर्यंत वळत होता तिथपर्यंतच वळवला आणि उरलेलं वळण खांद्यातून घेतलं. दाबलं. डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं होतं, पण सोडलं नाही. त्यांच्या हाताचं हाड हाडावरून सरकलं आणि बांगडी मनगटावर उतरली.

त्यानंतर तिसरी, मग चौथी.  काचेची किणकिण तेवढी.

"आई," भावजी अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बाबा जाऊन किती वर्षं झाली. ह्या वयात हिरवा चुडा! लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

सासूबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"तुझा बा गेला तवा तू पाळण्यात हुतास. तेराव्याला तुझ्या चुलत्यानं हीच गादी हमालाच्या डोक्यावर दिऊन घरी आणून टाकली. आता आराम कर म्हनला. ह्या बाजारात माझ्यावानी भरणारी बाई न्हवती." त्यांनी बाहेरच्या माणसांकडे बघितलं.  "मला हितनं उठवलं तवा माझं दोन्ही हात धड हुतं, मुरली."

 भावजींनी हातातलं मेटलचं कडं काउंटरवर ठेवलं आणि ते उगाचच पुसत राहिले.

माझ्या हातात सासूबाईंचा हात होता, आणि मी भरायची थांबले होते. इतकी वर्षं मी एका घरात त्यांच्यासोबत राहिले, जेवले, आणि गुडघ्यांची थाप खरी मानत आले.

"काय बगत बसलीस?" त्या माझ्यावर खेकसल्या. "मनगट थंड पडंल. हात चालू ठेव."

मग त्यांनी भरलेला हात मांडीवर घेतला, पदर सारखा केला, आणि बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसेल असा उजवा हात माझ्यापुढे धरला.

"आता ह्यो."